झाडांतील पाण्याचा प्रवास आणि दुष्काळाची इजा : चित्रण-पद्धती नेमके काय दाखवतात?

शर्वरी_सातारा (धागाकर्ती)

माण, खटाव, जत किंवा आटपाडीत उन्हाळ्यात झाड वाळू लागले की आपण ‘पाणी कमी पडले’ एवढेच म्हणून थांबतो. ते खरेच असते. पण त्या वेळी झाडाच्या आत काय बिघडते, कोणता भाग आधी निकामी होतो आणि नंतर पाणी मिळाले तर तो पूर्ववत होतो का, या प्रश्नांवर वनस्पतिशास्त्रात गेली कित्येक वर्षे वाद चालू आहे. त्या वादाचा मोठा भाग झाडांपेक्षा मोजमापाच्या साधनांशी निगडित आहे, म्हणून हा धागा साधनांविषयी, त्यातही झाडाच्या आतले चित्र काढणाऱ्या साधनांविषयी काढत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. पानांतून पाण्याची वाफ होते आणि त्या ओढीने जलवाहिन्यांतील पाण्याचा अखंड स्तंभ वर खेचला जातो, ही मांडणी डिक्सन आणि जॉली यांनी १८९४ मध्ये केली. म्हणजे भर दुपारी खोडातले पाणी पंपाच्या पाण्यासारखे दाबाखाली नसते, ते ताणाखाली असते. जमीन कोरडी होत जाते तसा ताण वाढतो. एका मर्यादेनंतर शेजारच्या रिकाम्या वाहिनीतील हवा, दोन वाहिन्यांमधल्या पातळ पडद्याच्या सूक्ष्म छिद्रांतून, भरलेल्या वाहिनीत ओढली जाते आणि तिथला स्तंभ क्षणार्धात तुटतो. यालाच एम्बोलिझम म्हणतात. अशा पुरेशा वाहिन्या बंद पडल्या की मुळाशी पाणी असूनही ते शेंड्यापर्यंत पोचत नाही. ज्या ताणाला फांदीची वहनक्षमता निम्मी उरते, तो आकडा त्या प्रजातीची दुष्काळ सोसण्याची मर्यादा सांगण्यासाठी वापरतात. २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका मोठ्या संकलनात जगभरातल्या ८१ ठिकाणच्या २२६ वृक्षप्रजातींचा विचार केला होता, आणि त्यांपैकी सुमारे ७० टक्के प्रजाती या मर्यादेच्या एक मेगापास्कलहूनही (मेगापास्कल हे दाब किंवा ताण मोजण्याचे एकक) कमी अंतरावर जगतात असे दिसले होते. विशेष म्हणजे यात पावसाळी प्रदेशातली झाडेही होती आणि कोरड्या प्रदेशातलीही.

हा आकडा काढण्याची रूढ रीत अशी, की फांदी कापायची, तिच्यातून पाणी किती वेगाने जाते ते मोजायचे, मग दाबाने पाणी सोडून अडकलेली हवा बाहेर काढायची आणि पुन्हा मोजायचे. १९८८ मध्ये स्पेरी, डॉनेली आणि टायरी यांनी ही रीत पक्की केली. अडचण कापण्यातच आहे. ताणाखाली असलेली फांदी पाण्यात बुडवून कापली तरी कापल्यामुळेच वाहिन्यांत हवा शिरू शकते, हे २०१३ मध्ये व्हीलर, होलब्रुक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले. द्राक्षासारख्या वेलीत दुसरी अडचण येते. तिच्या काही वाहिन्या इतक्या लांब असतात की कापलेल्या तुकड्यात त्या दोन्ही टोकांना उघड्या राहतात, आणि मग वेल प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा फार नाजूक वाटू लागते. म्हणून झाड न कापता आत पाहण्याची गरज निर्माण झाली.

त्यातले पहिले साधन एमआरआय. हायड्रोजनच्या अणुकेंद्रांच्या प्रतिसादावर ते चालते, त्यामुळे पाण्याने भरलेली वाहिनी चित्रात उजळ दिसते आणि रिकामी काळी. २००१ मध्ये होलब्रुक आणि सहकाऱ्यांनी जिवंत द्राक्षवेलीत वाहिनी रिकामी होताना आणि नंतर पुन्हा भरताना याच पद्धतीने पाहिली. पुढची पायरी म्हणजे क्ष-किरण मायक्रो-सीटी. सिंक्रोट्रॉनच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन अतिवेगाने फिरवून किरण निर्माण करणाऱ्या मोठ्या यंत्राच्या, प्रखर किरणांनी काही मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तपशील दिसतो, एकेक वाहिनी मोजता येते आणि तिचे त्रिमितीय जाळे उलगडता येते. २०१० मध्ये ब्रॉडरसन आणि सहकाऱ्यांनी बर्कलीच्या सिंक्रोट्रॉनवर पुन्हा द्राक्षवेलीच पाहिल्या. त्यांना रिकाम्या वाहिनीच्या भिंतीवर पाण्याचे थेंब उमटताना, वाढताना आणि अडकलेली हवा हळूहळू नाहीशी होताना दिसली. ते चित्र इतके बोलके होते की ‘झाड स्वतःची दुरुस्ती करते’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांच्या भाषेत रुजले.

यानंतर प्रकरण उलटले. शारियर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये फ्रान्समधल्या सिंक्रोट्रॉनवर, द्राक्षवेलीवरच, मायक्रो-सीटी केली आणि जलवाहिन्यांत ताण शिल्लक असेपर्यंत वाहिन्या पुन्हा भरत नाहीत असा निष्कर्ष काढला. वेल तीच आणि यंत्राची जातही तीच, तरी उत्तर वेगळे. त्यात २०१८ मध्ये पेत्रुझेलिस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सिंक्रोट्रॉनच्या किरणांच्या माऱ्याने खोडातल्या जिवंत पेशींनाच इजा होते. वाहिनी पुन्हा भरण्यात या पेशींचा हात असेल, तर वारंवार चित्र घेतल्यानेच ‘दुरुस्ती होत नाही’ असे दिसणे शक्य आहे. माझे मत विचाराल तर तीव्र ताण असताना वाहिन्या भरतात असे गृहीत धरून चालू नये. रात्री जमीन ओली असताना मुळांकडून जो दाब येतो त्याने भरणे मात्र समजण्यासारखे आहे, आणि छाटणीनंतर काडीच्या टोकातून पाणी टपकताना तो दाब आपल्याकडच्या प्रत्येक बागाईतदाराने पाहिलेला असतो.

शेवटची पद्धत मला सर्वात उपयोगी वाटते, आणि ती सर्वात स्वस्तही आहे. टास्मानियातील ब्रॉड्रिब आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ती मांडली. पानाच्या शिरेत पाणी असते तेव्हा तिच्यातून प्रकाश एका तऱ्हेने जातो, हवा शिरली की तो वेगळ्या तऱ्हेने विखुरतो. पान साध्या स्कॅनरवर ठेवून ठरावीक मिनिटांनी चित्र घ्यायचे आणि प्रत्येक चित्रातून आधीचे चित्र वजा करायचे. जे उरते ती त्या दरम्यान रिकामी झालेली वाहिनी. पुढे याच पद्धतीसाठी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडलेला कॅमेरा वापरणेही सुरू झाले.

चर्चेसाठी माझा मुद्दा असा, की यातले कोणतेही चित्र ‘झाड किती वाळले’ हे थेट दाखवत नाही. एकातून हवा कुठे आहे ते कळते, दुसऱ्यातून पाणी किती आहे ते, तिसऱ्यातून नुकते काय बदलले ते.

क्षकिरण_मिरज

लेख आवडला. मी मिरजेत रेडिओलॉजी विभागात तंत्रज्ञ म्हणून काम करतो, त्यामुळे पहिला प्रश्न साहजिकच आमच्या यंत्रांविषयी आहे. मिरजेत सीटी आणि एमआरआय यंत्रांची कमतरता नाही. सुटीच्या दिवशी एखादी फांदी सीटीच्या मेजावर ठेवली तर काही उपयोगाचे दिसेल का? एमआरआयविषयी मला शंका आहे. कुंडीत आपली काळी माती असेल तर तिच्यातल्या लोहयुक्त चुंबकीय कणांमुळे मुळांकडच्या भागाचे चित्र वेडेवाकडे येईल असे वाटते.

शर्वरी_सातारा

मातीविषयी आपले अगदी बरोबर आहे. आपली माती बेसाल्टपासून तयार झालेली आहे आणि बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटच्या जातीची खनिजे असतात. मुळांचे एमआरआय करणारे म्हणूनच बहुधा धुतलेली वाळू किंवा तत्सम माध्यम वापरतात. खोडाच्या वरच्या भागाला हा त्रास होत नाही.

सीटीबाबत अडचण बारकाव्याची आहे. रुग्णालयातल्या सीटीत साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा तपशील मिळतो, तर द्राक्षवेलीच्या वाहिन्या, ज्या वनस्पतींत मोठ्या समजल्या जातात, त्यांचा व्यास मिलिमीटरच्या विसाव्या ते पाचव्या भागाइतका असतो. देवदार, चीड अशा सूचिपर्णी झाडांच्या नळ्या तर याहून कितीतरी बारीक. म्हणजे एकेक वाहिनी भरली आहे की रिकामी, हे आपल्या यंत्राला दिसणार नाही. त्याला दिसेल ती घनता. ओले बाहेरचे लाकूड आणि कोरडा गाभा यांतला फरक, पोकळी, कूज हे सर्व जाड ओंडक्यात स्पष्ट येईल. एखादी जाड फांदी हळूहळू सुकत असताना त्याच जागेचे छेद पुन्हा पुन्हा घेतले तर पाणी कोणत्या वलयातून आधी कमी झाले याचा अंदाज येऊ शकतो. तो अभ्यास निरर्थक नाही, पण त्याला एम्बोलिझमचे मोजमाप म्हणता येणार नाही.

भारतात एकेक वाहिनी पाहायची असेल तर इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर चित्रणासाठी वेगळी किरणवाहिनी आहे. मुंबईत तुर्भ्याला (ट्रॉम्बे) ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉन-चित्रणाची सोय आहे. न्यूट्रॉनची गंमत अशी की ते धातूतून सहज जातात आणि हायड्रोजनपाशी अडखळतात, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या पातळ पेटीत वाढवलेल्या रोपाच्या मुळांजवळचे पाणी पेटी न उघडता दिसते.

बागाईतदार_तासगाव

ताई, तुमचे लिखाण दोनदा वाचले. आम्हाला हे हवा धरण्याचे प्रकरण पाइपलाइनमुळे चांगले कळते. चढाच्या रानात लाइनमध्ये हवा अडकली की मोटार चालू असूनही वरच्या टोकाला ठिबक टिपत नाही. एअर व्हॉल्व्ह नसेल तर तासन्‌तास हाच खेळ चालतो. वेलीला एअर व्हॉल्व्ह नाही हे आज समजले.

माझा प्रश्न असा. खरड छाटणीनंतर एप्रिल-मेमध्ये नवी फूट निघते आणि नेमके तेव्हाच विहिरीचे पाणी तळाला जाते. दुपारी शेंडे माना टाकतात. काही जण लगेच टँकर मागवतात, काही जण रात्री पाणी सोडतात. दुपारी मान टाकलेली वेल म्हणजे वाहिन्या बंद पडलेली वेल, असे समजायचे का? आणि आमच्याकडे बहुतेक बागा डॉगरीज खुंटावर (म्हणजे त्या जातीच्या मुळांवर कलम केलेल्या) आहेत, त्याने काही फरक पडतो का?

शर्वरी_सातारा

दादा, आपली पाइपलाइन आणि वेल यांच्यात एक फरक ध्यानात घ्यावा लागेल. आपली मोटार खालून ढकलते, वेलीचे पान वरून ओढते. त्यामुळे वेलीत बुडबुडा नुसता अडत नाही, ताणामुळे तो पसरून संपूर्ण वाहिनी व्यापतो. ताण मर्यादेत असेपर्यंत दोन वाहिन्यांमधला पडदा त्याला पुढच्या वाहिनीत जाऊ देत नाही, म्हणून वेल वाचते.

दुपारी शेंडा मान टाकतो तेव्हा बहुतेक वेळा पानांच्या पेशींतले पाणी कमी होऊन त्या सैल पडलेल्या असतात. संध्याकाळी किंवा पहाटेपर्यंत शेंडा ताठ झाला तर वहनमार्ग मोठ्या प्रमाणात शाबूत आहे. म्हणून पहाटेची अवस्था दुपारच्या अवस्थेपेक्षा अधिक सांगते. संशोधक पाण्याचा ताण पहाटे मोजतात त्यामागेही हेच कारण आहे. रात्रभरात वेल जमिनीशी जवळजवळ समतोलाला येते आणि मुळांच्या भोवती खरोखर किती पाणी उरले आहे ते कळते. १९६५ मध्ये शोलँडर आणि सहकाऱ्यांनी जे दाब-पात्र वापरात आणले, त्याने हे मोजमाप शेताच्या बांधावरही होते. पान देठासह पात्रात ठेवायचे, देठाचे टोक बाहेर ठेवायचे, वायूचा दाब वाढवत जायचे आणि टोकावर पाणी चमकले की दाब वाचायचा.

द्राक्षाबाबत चित्रणातून पुढे आलेली सर्वात महत्त्वाची गोष्ट मी मूळ लेखात लिहिली नव्हती. एमआरआय आणि मायक्रो-सीटी या दोन्ही पद्धतींनी, २०१६ मध्ये, होखबर्ग आणि सहकाऱ्यांनी असे पाहिले की पानाच्या देठातल्या वाहिन्या खोडातल्या वाहिन्यांपेक्षा कमी ताणावर बंद पडतात. शारियर यांच्या अभ्यासातही तेच दिसले. म्हणजे वेल पाने आधी सोडते. पाने गळाली की पाण्याची ओढ घटते आणि ओलांडा (मांडवावरची आडवी मुख्य फांदी) व खोड सुरक्षित राहते. २०१८ मध्ये शारियर यांनी अमेरिकेतील नापा आणि फ्रान्समधील बोर्दो या प्रसिद्ध द्राक्षभागांतल्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा तिथल्या वेलींचा ताण खोड निकामी होण्याच्या पातळीला पोचलाच नव्हता असे आढळले. आपल्याकडची माती, छाटणीचे वेळापत्रक आणि ऊन वेगळे आहे, म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा तासगावला लावू नये. पण ‘पाने गेली म्हणजे वेल गेली’ हा समज त्यातून नक्कीच सैल होतो. शंका असेल तर काडीची साल नखाने खरवडून पाहावी. आत ओलसर हिरवा थर असेल तर काडी जिवंत आहे.

खुंटाचा परिणाम प्रामुख्याने मुळांच्या वाढीवर आणि पाणी शोषण्यावर होतो. ताण किती वेगाने वाढेल हे त्यावर ठरते; वरच्या कलमाच्या वाहिन्या किती ताण सोसतील हे बरेचसे कलमाच्या जातीवर अवलंबून असते.

आटपाडीकर

डाळिंबाला आम्ही जाणूनबुजून ताण देतो. बहार धरायचा म्हणजे पाणी तोडायचे, पानगळ करायची, मग पुन्हा पाणी सुरू करायचे. वरची चर्चा वाचल्यावर हे धोक्याचे वाटू लागले आहे. मुरमाड रानात आणि काळ्या रानात ताणाचे दिवस वेगळे ठेवतात, ते याच कारणाने असावे का?

शर्वरी_सातारा

होय, मुख्य कारण तेच आहे. मुरमाड जमीन पाणी कमी धरते, त्यामुळे तिथे ताण काही दिवसांतच झपाट्याने चढतो. काळ्या जमिनीत तो सावकाश वाढतो. दिवस मोजून ताण देण्याची रूढ पद्धत म्हणूनच प्रत्येक रानाला वेगळी लागू पडते. देठात वाहिन्या बंद पडायला लागल्या आहेत आणि फांदीत अजून नाहीत, या दोन पातळ्यांच्या मधला ताण आपल्या उद्देशाला पुरेसा असावा. तो पट्टा किती रुंद आहे हे स्कॅनरच्या पद्धतीने आटपाडीतच पाहता येईल. पानाचे आणि साल थोडी काढून उघडी केलेल्या फांदीचे चित्र एकाच वेळी घ्यायचे, म्हणजे कोण आधी बंद पडते ते एकाच आलेखावर येते.

माणदेशकर

दहिवडी-म्हसवड भागात रस्त्याकडेची कडुनिंबाची आणि बाभळीची झाडे काही वर्षे अर्धवट वाळलेली दिसतात. एवढ्या झाडांना कोण स्कॅनर लावणार? उपग्रहाच्या चित्रांवरून झाडांचा ताण ओळखता येत नाही का? आणि एक जुनी गोष्ट विचारतो. जगदीशचंद्र बोस यांनी झाडातले पाणी जिवंत पेशींच्या स्पंदनाने चढते असे म्हटले होते. ते आता पूर्ण बाद झाले का?

नकाशावाला_कराड

पहिल्या प्रश्नाला मी उत्तर देतो. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहजोडीची चित्रे २०१५ पासून विनामूल्य मिळतात. दृश्य आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यांत त्यांचा एक चौकोन १० मीटरचा असतो, आणि पाण्याशी संबंधित लघुतरंग अवरक्त पट्ट्यांत २० मीटरचा. हिरवेपणाचा निर्देशांक प्रत्येकाला ठाऊक असतो, पण झाडांच्या ताणासाठी दुसरा पट्टा अधिक कामाचा आहे, कारण पानातले पाणी लघुतरंग अवरक्त प्रकाश शोषते. पानातल्या पाण्यासाठी असा निर्देशांक गाओ यांनी १९९६ मध्ये सुचवला.

आपल्या भागात मात्र एक सापळा आहे. सह्याद्रीच्या पूर्वेकडची बहुतेक झाडे उन्हाळ्यात आपणहून पाने टाकतात. एप्रिलमधले चित्र पाहून डोंगर मेला असे म्हणणारे नकाशे मी पाहिले आहेत. जूनच्या पावसानंतर तोच डोंगर हिरवा होतो. म्हणून एकाच आठवड्याची वेगवेगळ्या वर्षांतली चित्रे शेजारी ठेवावीत, आणि पावसाळ्यानंतर कोणते चौकोन हिरवे झाले नाहीत ते शोधावे. रस्त्याकडेचे एकटे झाड तर एका चौकोनात मावतही नाही. त्यात डांबर, गवत आणि शेजारचे ज्वारीचे रान मिसळते. त्यासाठी ड्रोन बरा. त्यावर उष्णता टिपणारा कॅमेरा असेल तर अधिक चांगले, कारण पर्णरंध्रे बंद झाली की पान गार होणे थांबते आणि त्याचे तापमान शेजारच्या झाडापेक्षा चढते. जमिनीपासून वर गेलात की हवा वाहिनीत शिरण्याच्या कितीतरी आधीची ही खूण मिळते. मात्र वारा आणि उन्हाचा कोन बदलला की तापमानही बदलते, म्हणून एकाच उड्डाणातली झाडे एकमेकांशी ताडून पाहावीत. ३० जुलै २०२५ ला सोडलेल्या, इस्रो-नासाच्या निसार उपग्रहाचे रडार ढगांतूनही पाहते आणि त्याचे संकेत झाडोऱ्यातल्या ओलाव्याने बदलतात, त्यामुळे पावसाळ्यातली पोकळी काही अंशी भरून निघावी.

शर्वरी_सातारा

माणदेशकर काका, बोस यांची स्पंदनाची कल्पना पाणी वर चढण्याचे मुख्य कारण म्हणून टिकली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच स्ट्रासबुर्गर यांनी झाडाच्या खोडातून विषारी द्रव चढवला, जिवंत पेशी मेल्या तरी द्रव चढत राहिला. पण जिवंत पेशींचा काहीच संबंध नाही असेही आज कोणी म्हणत नाही. वाहिनी पुन्हा भरण्याचा वाद शेवटी त्याच पेशींपाशी येऊन थांबला आहे.

आवाजाच्या पद्धतीबद्दलही कोणी विचारेल म्हणून लिहून ठेवते. १९६६ मध्ये मिलबर्न आणि जॉन्सन यांनी सुकणाऱ्या एरंडाच्या पानातून येणारे टिकटिक आवाज ऐकले आणि ते स्तंभ तुटण्याशी जोडले. आपल्या प्रत्येक बांधावर उगवणारा तोच एरंड. पद्धत सुंदर आहे, परंतु आवाज कुठल्या वाहिनीतून आला हे कळत नाही आणि सुकणारे लाकूड इतर कारणांनीही आवाज करते.

बागाईतदार_तासगाव

ताई, मग आमच्या बागेतली फांदी स्कॅनरसाठी हवी असेल तर कशी आणि केव्हा कापून द्यायची ते सांगा. मुलगा महाविद्यालयात आहे, तो घेऊन येईल.

शर्वरी_सातारा

फांदी पहाटे, उजाडण्यापूर्वी कापावी, कारण त्या वेळी ताण सर्वात कमी असतो. आदल्या संध्याकाळी त्या वेलीला पाणी दिलेले असावे. कापल्याबरोबर टोक पाण्याच्या बादलीत बुडवावे, पाण्यातच पुन्हा थोडे कापावे आणि संपूर्ण फांदी काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, आत ओले फडके ठेवून, गुंडाळावी. पाने मोडू नयेत आणि पिशवी उन्हात ठेवू नये. लांबीत मात्र काटकसर करू नका. द्राक्षाच्या वाहिन्या लांब असल्यामुळे कापलेल्या टोकातून शिरलेली हवा बरीच आतपर्यंत जाऊ शकते, आणि ज्या पानाचे चित्र घ्यायचे ते त्या टोकापासून शक्य तितके दूर हवे. ओलांड्यावरून फुटलेली, आपल्याला काढून टाकायचीच असलेली एखादी लांब काडी चालेल. काडी इथे आली की पान कापडी चिकटपट्टीने स्कॅनरच्या काचेवर सपाट बसवू आणि वरून झाकण न लावता काळे कापड टाकू, म्हणजे पानाला हवा मिळत राहील आणि काडी तिच्या गतीने सुकेल. त्याच काडीवरची दोन-तीन पाने दाब-पात्रासाठी राखून ठेवावी लागतील. ताणाचा आकडा नसेल तर स्कॅनरची चित्रे नुसती वेळ सांगतील, मर्यादा नाही.